बिननावाचं शिखर आणि लातूरवाला

हैदराबादच्या कॉलेजात आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवणारे प्रोफेसर विलायतेचे होते. विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचा दगडांवर जीव जास्त. एका सकाळी वर्गात येऊन त्यांनी सांगितलं, की उन्हाळ्याच्या सुटीत ते गढवालात एका हिमनदीचं मोजमाप करायला जाणार आहेत. मोजमाप संपलं की त्या हिमनदीच्या डोक्यावरचं शिखर चढायचं, आणि मदतीला दोन विद्यार्थी न्यायचे. मग त्यांनी दोन नावं वाचली. पहिलं माझं होतं. दुसरं ऐकलं आणि मी हातातला टाक खाली ठेवला.

दुसरा मुलगा लातूरचा. वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, पण आमच्यात मराठीचा एक शब्द कधी झाला नव्हता. बोलायची वेळ आलीच तर मी उर्दूत बोलायचो आणि तोही उर्दूतच उत्तर द्यायचा. आप, जनाब, मेहरबानी. उर्दू इतकी अदबीची भाषा आहे, की तिच्यात माणसाला हवं तेवढं लांब ठेवता येतं. मराठीत बोललो असतो तर दुसऱ्याच वाक्याला शिवी आली असती. मी त्याला मनातसुद्धा नावानं हाक मारत नसे. माझ्यापुरता तो लातूरवाला.

कारण सांगायला हवं. माझा थोरला भाऊ माझ्याहून बराच मोठा. आमचं गाव कंधारहून पायी जाण्यासारखं. घरी काळी जमीन, बैलबारदाना, आणि शिकलेला तो एकटा. त्यानं कंधारात एक खाजगी शाळा काढली. मुलांना मराठीतून शिकवायचा आणि संध्याकाळी सभा घ्यायचा. पुढे निजामाच्या सरकारानं धरपकड सुरू केली तेव्हा शाळेला कुलूप लागलं आणि तो गावोगाव लपत हिंडायला लागला. असाच हिंडत लातूरला गेला. तिथल्या एका बड्या वतनदारानं त्याला निरोप पाठवला, "मास्तर, उपाशी फिरता म्हणे. आमच्याकडे जेवायला या. आपलंच घर समजा." भाऊ गेला. पानावर बसला. ताकभात वाढेपर्यंत अमीन, म्हणजे पोलिसांचा अंमलदार, शिपाई घेऊन दारात उभा होता. भावाला हातसुद्धा धुऊ दिले नाहीत.

तुरुंगातून तो सुटला तेव्हा त्याची छाती कामातून गेली होती. जिना चढला तरी धाप लागायची. त्या वतनदाराचा मुलगा म्हणजेच हा लातूरवाला.

मी नांदेडला गेलो. गोदावरीच्या घाटाजवळ एक खोली घेऊन भाऊ राहायचा, पोरांना घरी गणित शिकवायचा. आई गाव सोडून त्याच्याजवळ येऊन राहिली होती.

"मी जात न्हाई," मी म्हणालो. "त्याच्यासंगं तर न्हाईच न्हाई."

भाऊ बाजेवर उशीला टेकून बसला होता. "डोंगर त्याच्या बापाच्या वतनात हाय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग जा. त्यो बी येऊ दे. फक्त त्याच्या हातचं खाऊ नको."

आणि तो हसला. हसला की खोकला यायचा, म्हणून तो फार हसत नसे.

आईला बर्फ म्हणजे काय ते मी समजावून सांगत होतो. तिनं उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो फक्त गारांचा. "गारा पडल्या की उभी ज्वारी झोपती," ती म्हणाली. "तिथं तर बारा महिने गाराच म्हंतोस. मंग तिथं मानसाचं काय काम?" तिनं दोन दिवस चुलीपुढे बसून कडक भाकरी केल्या, कारळाची चटणी कुटली, आणि सगळं धडप्यात बांधून दिलं.

मनमाड, दिल्ली, हरिद्वार असा रेल्वेचा प्रवास झाला. पुढे मोटार आणि मग पायी. प्रोफेसर पुढे चालायचे, मागे ओझी घेतलेले हमाल, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून शक्य तेवढं अंतर ठेवून. बद्रीनाथाला निघालेले यात्रेकरू वाटेत भेटायचे. आम्हा दोघांना पाहून एक म्हातारी म्हणाली, "भाई भाई हो क्या?" लातूरवाला म्हणाला, "जी नहीं." मी पुढे चालायला लागलो.

मला वाटलं होतं, हिमालय दिसला की हात आपोआप जोडले जातील. लहानपणापासून ऐकलं होतं, देवांचं घर म्हणून. पण ती हिमनदी पाहिली आणि मन विटलं. ती पांढरी नव्हतीच. गिरणीच्या मागे राख टाकावी तसा काळा, दगडमातीनं भरलेला बर्फाचा ढिगारा मैलोन् मैल पसरला होता. खालून पाणी वाहिल्याचा आवाज यायचा आणि पाणी दिसायचं नाही. मधूनच कुठंतरी आत काहीतरी तुटायचं, तोफ उडाल्यासारखं. दगड आपोआप घरंगळत यायचे, विनाकारण, अगदी आपण त्यांच्याकडे बघत असताना. त्या जागेला आपण तिथं नको होतो, हे कळायला भूगर्भशास्त्र लागत नव्हतं.

प्रोफेसर मात्र खूष होते. काठावरच्या खडकांवर आम्ही लाल रंगाच्या खुणा केल्या, मोजणीच्या साखळ्या ओढल्या, बर्फात काठ्या रोवल्या. चुकलं की ते ओरडायचे. त्यांचा ओरडा घरच्या माणसासारखा नव्हता. घरचा माणूस ओरडून मोकळा होतो. हे ओरडायचे आणि मग दिवसभर आमच्याकडे असं बघायचे, की जणू आमच्याऐवजी दोन खेचरं आणली असती तर बरं झालं असतं. "सपाटीवरची माणसं," ते इंग्रजीत म्हणायचे, "सपाटीवरचीच राहतात."

मोजमाप संपलं आणि आम्ही वर सरकलो. आता हमाल परतले होते. प्रोफेसर, आम्ही दोघं, आणि दार्जिलिंगहून आणलेला एक शेर्पा, एवढेच उरलो. शेर्पा वयानं चाळिशीचा, कमी बोलणारा, आणि त्याचंही प्रोफेसरांशी पटत नव्हतं. त्याच्या बुटाचा तळ उसवला होता आणि प्रोफेसर म्हणत होते की तो त्यानंच नीट ठेवला नाही. म्हणजे आम्ही चौघं होतो आणि त्यात कुणाचं कुणाशी धड नव्हतं. शिखराला नाव नव्हतं. नकाशावर तिथं नुसता उंचीचा आकडा छापलेला, वीस हजार फुटांच्या वरचा. प्रोफेसरांना त्याच्या माथ्यावरून पलीकडच्या खोऱ्यात ही हिमनदी कशी उतरते ते पाहायचं होतं.

शेवटच्या मुक्कामाला दोन राहुट्या होत्या. एकीत प्रोफेसर आणि शेर्पा, दुसरीत लातूरवाला आणि मी. ती राहुटी इतकी लहान, की एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला बदलावी लागे. डोकं ठणकायचं. कपाळात कुणी खुंटी ठोकतंय असं वाटायचं. अन्नाचा वास आला की ओकारी यायची. डब्यातलं मटण, डब्यातली मासळी, आणि सगळ्याला घासलेटचा वास, कारण स्टोव्ह तिथंच पेटवायचा. लातूरवाला तीन-तीनदा ओकायचा. त्याच्याकडे घरचं लिंबाचं लोणचं होतं. पहिल्या दिवशी त्यानं बरणी माझ्यापुढे सरकवली.

"लीजिए," तो म्हणाला.

"शुक्रिया. मुझे नहीं चाहिए."

त्यानं बरणी परत ओढली, आणि माझ्यासमोर बोटानं चाटून चाटून खाल्लं. तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या. तरी मी तोंड फिरवून कोरडी भाकरी चावत बसलो.

दोन दिवस वारा थांबेना म्हणून आम्ही राहुटीतच पडून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्यासाठी बर्फ आणायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा माझं धडपं उघडं होतं आणि लातूरवाला माझी भाकरी त्याच्या लोणच्याबरोबर खात होता.

"ठेव ती भाकरी," मी म्हणालो. मराठीत.

त्यानं वर पाहिलं. "दुसरं काही पोटात राहत नाही," तोही मराठीत म्हणाला. "एकच घेतली."

"एक असू दे नाहीतर अर्धी. माझ्या आईनं केलीय ती. तिच्या एका पोराला तुम्ही जेवायला बोलावून धरून दिलं. आता तिच्याच हातचं खातोस? लाज न्हाई वाटत?"

"बापाचं नाव काढू नको."

"काढतो. तुझा बाप पानावरून माणूस उठवतो."

तो माझ्या अंगावर आला. मी त्याची गचांडी धरली. आणि मग जे झालं ते आठवून मला आजही हसावं की रडावं कळत नाही. त्यानं मला एक ठोसा मारला, मी त्याला एक मारला, आणि आम्ही दोघंही थांबलो. श्वासच नव्हता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, डोळ्यांपुढे काळं येत होतं. मी त्याची मान धरून होतो, तो माझे केस धरून होता, आणि दोघंही तोंडं उघडी टाकून मासळीसारखे हवा ओढत होतो. जरा दम आला की पुन्हा एक ठोसा. पुन्हा थांबणं. लोणच्याची बरणी कलंडली आणि माझ्या अंथरुणावर तेल पसरलं.

प्रोफेसरांनी राहुटीच्या दारातून डोकं आत घातलं. भांडण कशावरून, हे त्यांनी विचारलं नाही. "उद्या वारा पडला तर चढायचं आहे," ते म्हणाले. "मी आणि शेर्पा पहिल्या दोरावर. तुम्ही दोघं दुसऱ्या."

"सर, आम्हाला एका दोरावर नका ठेवू," मी म्हणालो.

"का? तुम्ही मित्र नाही म्हणून? मला मित्र नकोत. प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना एकेक वजन हवं आहे."

वारा पडला. उजाडायच्या बेताला आम्ही निघालो. तागाचा जाड दोर, एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं माझ्या. तो पुढे, मी मागे. त्याच्या कमरेची गाठ शेर्पानं बांधली. माझीही बांधली आणि दोनदा ओढून पाहिली. बुटांना लोखंडी काटे लावलेले, हातात बर्फाची कुऱ्हाड. उतार इतका उभा, की समोरचा बर्फ तोंडाशी यायचा. एक पाऊल टाकायचं, उभं राहायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरं. मी वर बघणं सोडून दिलं होतं. बघितलं की शिखर पहिल्याइतकंच लांब असायचं. मी फक्त पुढचा दोर बघत होतो. तो ताठ झाला की पाऊल टाकायचं. लातूरवाला मुद्दाम दोर ओढतो आहे असा मला संशय होता आणि माझी खात्रीच होती की त्याला माझ्याबद्दल तेच वाटतंय.

उतार संपून सपाटी लागली. तिथं बर्फ पहिल्यांदाच खराखुरा पांढरा होता, तांदळाच्या पिठासारखा, स्वच्छ, आणि मला जरा बरं वाटलं. प्रोफेसर गेले, शेर्पा गेला, लातूरवाला गेला, त्यांच्या पावलांवर पाय ठेवून मी निघालो आणि माझ्या पायाखालची जमीन नाहीशी झाली.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. कमरेला असा हिसका बसला की वाटलं दोन तुकडे झाले. मग मी बर्फातल्या एका भेगेत लटकत होतो. दोन्ही बाजूंना निळ्या बर्फाच्या भिंती, हात पुरणार नाही एवढ्या लांब, आणि खाली निळ्याचं जांभळं, जांभळ्याचं काळं. टोपी निघून खाली गेली ती पडल्याचा आवाज आला नाही. गावी आडात उतरलेलं माणूस मी पाहिलं होतं, लहानपणी मीही उतरलो होतो. पण आडाला तळ असतो आणि वर आपली माणसं असतात. इथं वर कोण होतं? दोराच्या त्या टोकाला लातूरवाला होता.

दोर थोडा खाली सरकला. मग आणखी थोडा. मी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. हा सोडणार. ह्याच्या घराण्याची रीतच आहे ती.

"पाय रोव!" वरून आवाज आला. लातूरकडची अस्सल बोली, मराठवाड्यातल्या कुठल्याही बांधावरून यावी तशी. "भिंतीला पाय रोव रं गाढवा! नुसता लटकून काय राहिलास!"

मी झोका घेऊन बुटाचे काटे भिंतीत मारले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला रुतले. दोरावरचं वजन जरा कमी झालं.

"रोवले!" मी ओरडलो.

"हलू नको आता. हललास तर तुझ्या आईची शप्पथ!"

किती वेळ गेला कळत नाही. मग वर आणखी आवाज आले, शेर्पाचं तोंड दिसलं, दुसरा दोर खाली आला. शेर्पा आणि प्रोफेसरांनी मिळून मला वर ओढलं. काठावर पालथा पडून मी थुंकत होतो, रडत होतो. डोकं वर केलं तेव्हा लातूरवाला अजून तसाच बर्फात पालथा होता. कुऱ्हाड छातीखाली रोवलेली आणि माझा दोर त्याच्या डाव्या तळव्याभोवती दोन वेढे घेऊन आवळलेला. हातमोजा त्या हिसक्यात निघून वाऱ्यानं गेला होता. उघडा हात बर्फात दाबून तो माझं सगळं वजन धरून होता. शेर्पानं वेढे सोडवले. बोटं पांढरी पडली होती, मेणबत्तीसारखी. वाकवता येत नव्हती.

शेर्पानं तो हात आपल्या कोटाच्या आत, काखेत घेतला. "साहब, सब नीचे चलो," तो म्हणाला.

प्रोफेसरांनी माथ्याकडे पाहिलं. माथा आता जवळ होता. "तू याला घेऊन खाली जा," ते शेर्पाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला काही झालेलं नाही. तू माझ्याबरोबर वर येशील. मला एकट्यानं जाता येत नाही."

"सर, मीही येतो," लातूरवाला म्हणाला.

"त्या हातानं? नाही."

"सर, मी धरलं त्याला. मी धरलं आणि तो जाणार?"

प्रोफेसर माझ्या कमरेचा दोर आपल्या कमरेला बांधत होते. लातूरवाल्यानं माझ्याकडे जे पाहिलं, तसं माझ्याकडे त्याआधी किंवा त्यानंतर कुणी पाहिलेलं नाही. मी जाणार नाही म्हणू शकलो असतो का? म्हटलं असतं तर प्रोफेसरांनी मला ओढत नेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला जायचं होतं. भीती वाटत होती, तरी मला जायचं होतं, आणि त्याला जायला मिळत नाही म्हणून जास्तच जायचं होतं.

माथ्यावर काही नव्हतं. उताराचा बर्फ संपला आणि दुसऱ्या बाजूचा सुरू झाला, एवढंच. ढग आले होते. ज्या खोऱ्यासाठी एवढा खटाटोप केला ते खोरं ढगाखाली बुडालेलं. प्रोफेसरांनी हवेचा दाब मोजायचं यंत्र काढलं, आकडा पाहिला, आणि एक घाणेरडी इंग्रजी शिवी दिली, मला नाही, त्या ढगाला. वारा असा की उभं राहवेना. माझ्या नाकातून रक्त येऊन मिशीवर गोठलं होतं. मी भावाचा विचार करायचा प्रयत्न केला, आईचा केला, पण डोक्यात एकच होतं, की आता हे सगळं उतरायचं आहे. प्रोफेसरांनी माझ्याशी हातसुद्धा मिळवला नाही. "चल," म्हणाले.

लातूरवाल्याची दोन बोटं वाचली नाहीत. खाली उतरेपर्यंत ती काळी पडली होती, वाळलेल्या शेंगांसारखी. एका डोंगरी गावच्या इस्पितळात ती कापली. प्रोफेसर दोन दिवस थांबले, मग त्यांच्या नोंदी घेऊन पुढे निघून गेले. मला म्हणाले, "तू त्याच्याबरोबर परत ये." म्हणून मी राहिलो.

तो खाटेवर पडलेला, हात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. मी शेजारी स्टुलावर. मी म्हणालो, "तू धरलंस मला. उपकार झाले."

"तुझ्यासाठी नाही धरलं," तो म्हणाला. "दोर माझ्या कमरेला होता. तू गेला असतास तर मीही गेलो असतो."

"तरी पण."

"तरी पण काय? माझी बोटं गेली आणि माथ्यावर तू गेलास. आता गोड बोलू नको. मला सहन होत नाही."

मी उठायला लागलो. तो म्हणाला, "थांब. तुला एक सांगायचंय. त्या दिवशी राहुटीत म्हणालास ना, माझा बाप पानावरून माणूस उठवतो. तुझ्या भावाला जेवायला मी वाढलं होतं."

मी तसाच उभा राहिलो.

"तुला ठाऊक होतं? अमीन येणार ते?"

"होतं. बाबांनी सांगितलं होतं, सावकाश वाढ. मी सावकाश वाढलं."

"अन् आता मला कशाला सांगून राहिलास?"

"तू उपकार झाले म्हणालास म्हणून. नको म्हणू."

मी खोलीबाहेर गेलो. तिथून मनमाडपर्यंत आम्ही एका डब्यात बसून आलो. मी त्याला पाणी द्यायचो, बिछाना घालून द्यायचो, कारण एका हातानं त्याला जमत नसे. बोललो नाही. मनमाडला तो दुसऱ्या गाडीत बसला. मी त्याची ट्रंक चढवून दिली, आणि गाडी सुटायची वाट न पाहता वळलो.

नांदेडला पोचलो तेव्हा भाऊ आणखी वाळला होता. आईनं माझ्या तोंडाकडे पाहून पदर डोळ्याला लावला. नाकाची कातडी सोलून निघाली होती माझ्या. भावानं पहिला प्रश्न केला, "वर कोन गेलं?"

"मी. त्यो न्हाई गेला."

तो समाधानानं उशीला टेकला. मग मी सगळं सांगितलं, खाली पडलो ते, त्यानं धरलं ते, बोटं गेली ते. तो ऐकत गेला तसा चेहऱ्यावरचा आनंद कमी कमी होत गेला. आणि शेवटी इस्पितळातलं सांगितलं. मला वाटलं होतं, तो चिडेल. मला तो चिडायला हवा होता.

"मला ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाव हाय?"

"त्या पोरानंच वाढलं. भात वाढताना हात कापत होता त्याचा. अर्धा भात पानाभायेर सांडला. मी मनात म्हनलं, हे काहीतरी येगळं हाय. पर तवर अमीन आलता."

"मग पळाला का न्हाईस? हात कापतोय बघून उठायचं नव्हतं?"

"भूक लागली होती रे," भाऊ म्हणाला. "तीन दिवसांची. लई चांगलं जेवण होतं ते."

मला त्याच्यावर इतका राग आला की मी घाटावर जाऊन बसलो. लातूरवाल्यावर राग होता, त्याच्या बापावर होता, प्रोफेसरांवर होता, त्या डोंगरावर होता, आणि आता ज्याच्यासाठी हे सगळे राग जपले होते त्याच्यावरही. भावानं लातूरवाल्याला कधीच माफ करून टाकलं होतं, आणि मला सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

भाऊ पुढच्या उन्हाळ्यात गेला. निजामाचं राज्य जाताना पाहायला तो नव्हता. मी कॉलेज संपवलं आणि संस्थानाच्या खाणखात्यात लागलो. चुनखडी, कोळसा, कोरडे दगड. हिमनदीचं काम पुढे चालवशील का, असं प्रोफेसरांनी एकदा विचारलं. मी नाही म्हणालो. लातूरवाला कायदा शिकून वकील झाला. वर्गातल्या उरलेल्या दिवसांत तो माझ्यापासून सगळ्यात लांबच्या बाकावर बसायचा, आणि समोरासमोर आलोच तर पुन्हा उर्दू. आदाब. आदाब.

संस्थान गेल्यावर काही वर्षांनी, लातूरला एका लग्नात मी त्याला पाहिलं. जाडजूड झाला होता, कानाजवळ केस पांढरे. मांडवात कुणीतरी आमची ओळख करून द्यायला लागलं. "हे नांदेडचे. पहाड चढलेले आहेत म्हणे हिमालयातला."

"हो?" लातूरवाला म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

माणूस दोघांकडे बघत राहिला. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली, लोक अक्षता घेऊन उठले, आणि आम्ही मांडवाच्या दोन बाजूंना जाऊन उभे राहिलो.